नात पाय मागे टाकून बसते. टोकायचं की सोडून द्यायचं?

दांडियाबाजारचे आजोबा

नमस्कार. मी बडोद्याचा. रेल्वेत ड्राफ्ट्समन होतो, आता पूर्णवेळ आजोबा आहे. नात दोन वर्षं दहा महिन्यांची. इथे तिला चिऊ म्हणू.

चिऊ जमिनीवर बसते ती अशी: बूड लादीला टेकलेलं, गुडघे पुढे, आणि दोन्ही पोटऱ्या बाहेरच्या अंगाने मागे टाकलेल्या. वरून बघितलं तर इंग्रजी डब्ल्यू. डब्यांची झाकणं घेऊन तशी अर्धा-अर्धा तास बसते. मी एकदा कोणी बघत नाही असं पाहून तिच्यासारखं बसून बघितलं. उठवायला मुलाला हाक मारावी लागली.

आमची मंडळी दिवसातून वीस वेळा "पाय नीट!" म्हणून ओरडते. चिऊ लगेच पाय पुढे घेते, दोन मिनिटं मांडी घालते, मांडी जमत नाही म्हणून मागे कलंडते आणि परत मूळपदावर. काल तर बाहुलीला समोर बसवून तिलाच "पाय नीट!" म्हणत होती. स्वतः अर्थात डब्ल्यू.

एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. पण चालतानाही तिचे चवडे आत वळतात. कमाटीबागेत पळायला सोडलं की पायात पाय अडकून पडते, मागच्या रविवारी तीन वेळा. आणि गुडघे एकमेकांना घासतात. मी मोजलं. (मोजणारच, जन्म त्यात गेला.) घरात व्हर्नियर आहे, पण ती त्याला घाबरली, म्हणून साधी पट्टी घेतली. गुडघे जेमतेम टेकलेले असताना दोन घोट्यांमध्ये साडेचार सेंटिमीटर. आता खरी गंमत ऐका. ती दीड वर्षाची असतानाचा फोटो काढून बघितला तर नेमकं उलट: घोटे जुळलेले, गुडघ्यांमध्ये फट, पाय कंसासारखे. म्हणजे सव्वा वर्षात पाय एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले. मशीनचा भाग असता तर मी तो रिजेक्ट केला असता.

घरात आता चौकशी आयोग बसलाय. प्लेग्रुपच्या बाईंनी सुनेला सांगितलं की अशी बसली तर खुबा निखळेल. मंडळींचं म्हणणं, हे त्या वॉकरमुळे (वॉकर सुनेच्या माहेरहून आला होता, हे तुम्ही ओळखलंच असेल). सुनेचं म्हणणं, तेल लावायला येणाऱ्या बाईंनी पाय फार ओढले (त्या बाई मंडळींनी ठरवल्या होत्या). शेजारच्या बेन येता-जाता "पग वांका थई जशे" करतात. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही आधी ती पट्टी कपाटात ठेवा.

मी लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांबाला जायचो. प्रो. माणिकरावांनी कोणाकोणाची हाडं कशी बसवली, त्या गोष्टी ऐकतच आमची पिढी वाढली. त्यामुळे मंडळींच्या मनात एखाद्या हाडवैद्याला दाखवावं असं आहे. सुनेने मोबाइलवर आतून उतार दिलेले बूट बघून ठेवलेत. मला फक्त एवढंच कळून घ्यायचंय की बसण्यामुळे हाड वाकतं का, आणि वाकत असेल तर कोणाचं ऐकू?

---

मांजलपूरची आई

आजोबा, ते बूट घेऊ नका, एवढं सांगायलाच लॉगिन केलं.

माझा मुलगा आता साडेसहाचा आहे. तीन वर्षांचा असताना अगदी असंच, आत वळलेले चवडे आणि सारखं पडणं. एका ठिकाणी दाखवलं तर बूट लिहून दिले. २,६०० रुपये. आत रबराचा उतार, घोट्यापर्यंत पट्टे. सात महिने घातले. बडोद्याच्या मे महिन्यात! संध्याकाळी बूट काढले की पाय वाफवलेल्या बटाट्यासारखे. तो बाकीच्या पोरांबरोबर खेळायलाच जाईना, कारण ते बूट घालून पळता येत नव्हतं आणि न घालता मी सोडत नव्हते.

मग लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला टेबलावर पालथं झोपवलं, गुडघे काटकोनात दुमडले आणि दोन्ही तंगड्या बाहेरच्या बाजूला पडू दिल्या. मला म्हणाले, बघा, किती खाली जातायत. मग माझ्या पायाचं तेच करायला सांगितलं. माझे अर्ध्यातच अडले. म्हणाले, बूट जमिनीला लागतो, पीळ मांडीत आहे, बूट तिथपर्यंत पोचणार कसा?

आता तो बरा पळतो. दमला की अजून चवडे आत येतात. शाळेतल्या शर्यतीत शेवटून दुसरा आला, पण त्याला पायांचा दोष नाही, तो मध्येच थांबून मित्राची वाट बघत होता.

---

पोरांची फिजिओ

आजोबा, तुम्ही ड्राफ्ट्समन आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगून बघते. ११ वर्षं लहान मुलांबरोबरच काम करतेय, पण मापं घेऊन आलेले आजोबा पहिल्यांदाच भेटले.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक वाक, एक पीळ.

वाकाचं आधी, कारण ते सोपं आहे. मुलं जन्मतात ती फेंगड्या पायांची. दीड-दोन वर्षांपर्यंत गुडघ्यांत फट असते. मग पाय सरळ होतात, आणि तिथेच न थांबता उलट बाजूला जातात. तीन-चार वर्षांच्या सुमाराला गुडघे सर्वांत जास्त चिकटलेले असतात. मग सात-आठपर्यंत हळूहळू मोठ्या माणसासारखे होतात. जुना फोटो आणि आताचं माप यांत तुम्हाला जो बिघाड दिसला, तोच वाढीचा नेहमीचा रस्ता आहे. चिऊ त्यावर वेळेवर चाललीय. साडेचार सेंटिमीटरही या वयाला चालतात. आठच्या पुढे गेले, वाढतच राहिले, किंवा एकच पाय वाकडा असला तर दाखवायचं.

आता पीळ. मांडीच्या हाडाची वरची मान आणि खालची गुडघ्याची आस या दोन रेषा एका पातळीत नसतात. त्यांच्यात कोन असतो. जन्मतः तो साधारण ४० अंश, मोठ्या माणसात १५ च्या आसपास. हा पीळ उतरायला आठ-दहा वर्षं लागतात. काही मुलांत तो जरा जास्त असतो, पुष्कळदा घराण्यातून आलेला. अशा मुलांचा खुबा आत भरपूर वळतो आणि बाहेर कमी. मांडी घालायला खुबा बाहेर वळावा लागतो, म्हणून चिऊ मागे कलंडते. डब्ल्यूत बसायला तो आत वळावा लागतो, आणि ते तिला फुकटात जमतं. तुम्हाला उठवायला मुलगा लागला, कारण तुमचा पीळ कधीच उतरलाय.

म्हणजे प्रश्न उलटा धरला गेलाय. तशी बसली म्हणून पाय तसे झाले नाहीत, पाय तसे आहेत म्हणून ती तशी बसते. अशा बसण्याने खुबा निखळतो याला पुरावा नाही. पीळ उतरायचा थांबतो असं आमच्यातही वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, नवी असताना मीही आयांना दटावून सांगायचे. आता सांगत नाही.

घरी करून बघायला एक गोष्ट देते. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांवर एकेक टिकली चिकटवा आणि समोरून तुमच्याकडे चालत येऊ द्या. टिकल्या एकमेकींकडे बघत असतील तर पीळ मांडीत आहे. टिकल्या सरळ तुमच्याकडे आणि फक्त चवडे आत, तर पीळ नडगीत आहे. नडगीतला साधारण चालायला लागल्यावर दिसतो आणि लवकर उतरतो. मांडीतला तीन ते सहा वर्षांत जास्त उठून दिसतो, म्हणजे अजून थोडा वाढल्यासारखा वाटेल. तेव्हा घाबरून परत बुटांकडे जाऊ नका.

मी बसण्याकडे बघते ते वेगळ्या कारणासाठी. डब्ल्यूत बूड रुंद टेकतं, त्यामुळे तोल सांभाळायला पाठ-पोटाला कष्टच पडत नाहीत, आणि अंग वळवून पलीकडची वस्तू घेणं कमी होतं. मूल अधूनमधून तसं बसत असेल तर बसू दे. पण फक्त तसंच बसता येत असेल, दुसरं काही जमतच नसेल, अंग ढिलं वाटत असेल, तर मला बघायला आवडेल. "पाय नीट" बंद करा. त्याऐवजी छोटं स्टूल द्या, खेळणं जमिनीऐवजी पाटावर ठेवा म्हणजे ती उभी राहून किंवा उकिडवी बसून खेळेल. दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसणंही चालतं.

खरं लक्ष कशावर ठेवायचं तेही सांगते. लंगडणं. दुखणं. दोन पायांत फरक, म्हणजे एकच आत वळतो किंवा एक आखूड वाटतो. सारखं चवड्यांवर चालणं. आधी येत होतं ते आता न येणं. आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत वर चढल्यासारखं उठणं. यातलं काही दिसलं तर पुढच्या रविवारची वाट बघू नका.

वॉकर आणि तेलवाल्या बाई, दोघांची या प्रकरणातून निर्दोष सुटका. पण वॉकर कोणाला पुढे देऊ नका, भंगारातच घाला. त्याने चालणं लवकर येत नाही आणि पोरं जिन्यावरून गडगडतात. कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली.

---

जुनं ते सोनं

एवढं कशाला. आमच्या धाकट्या भावाचे पाय असेच होते. आई रात्री झोपताना सुती ओढणीने दोन्ही पाय एकत्र बांधायची. दोन वर्षांत सरळ. डॉक्टर नाही, फिजिओ नाही.

---

पोरांची फिजिओ

भाऊ, ओढणी नसती तरी दोन वर्षांत तेच झालं असतं, श्रेय उगाच ओढणीला गेलं. मोठ्या मुलाला त्याने फार तर झोप लागणार नाही. पण तान्ह्या बाळांच्या बाबतीत हे हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या काही महिन्यांत पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळले तर खुबा खरंच नीट बसत नाही. वरचं अंग गुंडाळा, खाली पाय बेडकासारखे मोकळे राहू द्या. कडेवर घेण्याची आपली पद्धत खुब्याला उत्तम.

---

मांजलपूरची आई

ताई, व्हिटॅमिन डीचं पण सांगा ना. आमच्या सोसायटीत पाय वाकडे म्हटलं की लगेच कोणीतरी पावडरची पुडी आणून देतं.

---

पोरांची फिजिओ

पहिल्या वर्षात रोज ४०० युनिटचे थेंब सगळ्याच बाळांना देतात, पुढे दिवसाची गरज ६०० ची. पण पाय वाकडे म्हणजे मुडदूस असं नाही. मुडदुसात बाकीचंही दिसतं: मनगटं जाड, टाळू उशिरा भरलेली, दात उशिरा, उंची मागे, आणि दोन वर्षं उलटून गेली तरी पायांचा कंस वाढताच. शंका आली तर डॉक्टर रक्त तपासतात. पुड्या मात्र नकोत. तो मोठा डोस आठवड्याचा असतो, आणि कोणीतरी रोज देत बसतं. जास्त झालं तर कॅल्शियम वाढून मूल आजारी पडतं.

---

दांडियाबाजारचे आजोबा

उशिरा लिहितोय, तीन आठवडे गेले. सगळ्यांचे आभार, विशेषतः फिजिओताईंचे.

टिकलीचा प्रयोग त्याच संध्याकाळी केला. मंडळींनी लाल टिकल्या दिल्या. चिऊला वाटलं हळदीकुंकू आहे, म्हणून आधी बाहुलीच्या, मग माझ्या गुडघ्यांना लावून झाल्या. मग ती दिवाणखान्याच्या त्या टोकापासून चालत आली. दोन्ही टिकल्या एकमेकींकडे बघत होत्या. चाळीस वर्षं ड्रॉइंगवर सेंटरलाइन मारली आणि घरात पळणारी ही दिसली नाही.

तरी सुनेच्या समाधानासाठी लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पालथं झोपवून तेच केलं जे मांजलपूरच्या ताईंनी लिहिलंय. मी खिशातून कोनमापक काढला. डॉक्टर हसले आणि त्यांनी स्वतःचा काढला, लांब दांड्यांचा. आत वळणं दोन्हीकडे ७० च्या वर, बाहेर ३० सुद्धा धड नाही. दोन्ही पाय सारखे, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. तिला जमिनीवरून उठायला लावलं, पळायला लावलं, पाठीवर झोपवून खुबे बघितले. एक्स-रे नाही, औषध नाही, बूट नाही. वर्षाने दाखवा म्हणाले. शस्त्रक्रिया कधी लागते का, हे मी विचारलंच. म्हणाले क्वचित, आणि तीही आठ-दहाच्या पुढे, चालणं खरोखर अडत असेल तरच.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणी असं बसायचं का? मी ठामपणे नाही म्हटलं. सून गप्प बसली होती, ती म्हणाली, एकदा अल्बम बघू.

अल्बममध्ये निघाला. १९८९, कमाटीबाग, चिवड्याचा कागद मांडीवर, आणि आमचे चिरंजीव हिरवळीवर डब्ल्यूत बसलेले. शेजारी मंडळी बसली आहे, हसतेय, पाय नीट वगैरे काही नाही. तिने तो फोटो बराच वेळ धरला होता. मग म्हणाली, तेव्हा हे इंग्रजी अक्षर कोणाला माहीत होतं. चौकशी आयोग तिथेच बरखास्त. हे चिरंजीव पुढे शाळेच्या खोखोच्या संघात होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं लहानपणापासून ऐकलं होतं. यांचा सुंभ शाबूत आहे, पीळ तेवढा गेला.

एक सांगायला हवं: "पाय नीट" बंद करणं सर्वांत अवघड गेलं. मंडळी शब्द अर्ध्यात गिळते, नुसतं "पा" ऐकू येतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. स्टूल मी स्वतः करणार आहे. घरात जुन्या दिवाणाचं सागवान पडलंय. उंची किती ठेवू? बाजारातली सगळी दहा इंची आहेत, त्यांच्यावर तिचे पाय लोंबतात.

---

पोरांची फिजिओ

आजोबा, फोटोची गोष्ट मी क्लिनिकमध्ये सगळ्या आयांना सांगणार आहे, नाव न घेता.

उंची बाजारावरून नको, चिऊवरून घ्या. ती खुर्चीवर बसली असताना गुडघ्याच्या मागच्या खळीपासून टाचेपर्यंत मोजा, अनवाणी. तीच उंची. दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांडी जमिनीला समांतर. पाठ टेकायला काही लावू नका. आणि पाय जरा बाहेर झुकते करा, पोरं स्टुलावर उभीही राहतात.

---

दांडियाबाजारचे आजोबा

मोजलं. २१ सेंटिमीटर. पट्टी कपाटातून बाहेर काढायला मुलाने परवानगी दिली.

स्टूल काल तयार झालं. कडा घासून गोल केल्या, खाली रबराच्या टोप्या लावल्या, पाय आठ अंश बाहेर. चिऊने सगळीकडून हात फिरवून बघितलं, "आबांनी केलं" म्हणाली, बाहुलीला त्याच्यावर बसवलं, तिचे पाय सरळ केले, आणि स्वतः समोर लादीवर डब्ल्यूत बसून तिला वरणभात भरवत होती.

दुसरं स्टूल करायला घेतलंय.